ब्राझीलच्या सिनेमातले सासूबाईंचे हात

सासूबाई आमच्याकडे सिंगापूरला, बुकित बातोकच्या घरी येऊन तीन आठवडे झाले असतील, तेव्हा एका दुपारी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. त्या ऑफिसात कधी फोन करत नाहीत. पलीकडच्या घरात एका बाईला मारहाण होते आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि इथे पोलिसांचा नंबर काय, ते विचारलं.

मी ऑडिटच्या मीटिंगमधून उठून बाहेर आले. कशावरून म्हणता, असं विचारलं, तर त्यांच्याकडे पुरावा तयार होता. रोज दुपारी तीनच्या सुमाराला ती बाई किंचाळते, मग काहीतरी फुटतं, मग ती पुन्हा किंचाळते. सोमवारी सात वेळा, मंगळवारी अकरा वेळा, आज आत्तापर्यंत नऊ. त्यांनी वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, मी घरी येईपर्यंत थांबा, आपण दोघी मिळून बघू. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवून थेट पलीकडच्या घराची बेल वाजवायला गेल्या.

त्यांची ओळख करून द्यायला हवी. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत त्या एकतीस वर्षं पीटीच्या बाई होत्या. खो-खो, लेझीम, संचलन, आणि चारशे मुलींना एका शिट्टीत गप्प करणं, हे त्यांचं काम. सासरे गेल्यापासून त्या वर्षातले काही महिने आमच्याकडे राहतात. अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटीने बसणं त्यांच्या स्वभावात नाही. नवरा बँकेच्या आयटीत, मी ऑडिटमध्ये, मुलगी शाळेत. सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्यांच्या हुकमतीखाली फक्त घरातल्या कुंड्या असायच्या.

पलीकडच्या दारात काय झालं ते मला दोन्ही बाजूंनी समजलं. त्यातली सासूबाईंची हकीगत मी कमी खरी मानते, कारण तिच्यात त्या फारच शांत आहेत. दार उघडलं ते एका उंच, बारीक, दाढीवाल्या माणसाने. पायात काही नाही, गळ्यात हेडफोन. सासूबाईंनी त्याला इंग्रजीत हुकूम केला, बायकोला बाहेर बोलाव. तो म्हणाला, ती तुआसला कामावर आहे, सातला येईल. मग किंचाळतंय कोण, असं त्यांनी विचारलं. त्याला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो हसत सुटला, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही. मग त्याने लोखंडी गेट उघडून त्यांना आत नेलं आणि कॉम्प्युटरसमोर उभं केलं. पडद्यावर एका गल्लीत एक बाई तोंड उघडून थिजलेली होती. त्याने बटण दाबलं, बाई किंचाळली. त्याने माउस सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तिला स्वतः चार वेळा किंचाळायला लावलं, खात्री करून घेतली आणि मग विचारलं, पण हिला झालंय काय?

त्या दुपारी त्या साडेपाचला घरी परतल्या.

तो ब्राझीलचा होता. बायको तुआसच्या एका जहाजाच्या यार्डात इंजिनिअर, तो नवरा म्हणून तिच्या नोकरीच्या पासवर इथे आलेला. येताना त्याने हार्ड डिस्क आणल्या होत्या, आणि त्यांत होता त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला अर्धवट सिनेमा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका बंदराच्या गावात, गोदीच्या मागे, तो ज्या गल्लीत वाढला त्या गल्लीवरचा. गोष्ट अशी की एका बड्या बिल्डरला तिथे हॉटेल बांधायचं आहे, तो गल्ली रिकामी करायला गुंड पाठवतो, आणि गल्लीतले लोक हटत नाहीत. गोष्ट रचलेली होती पण माणसं खरी होती. न्हाव्याचं काम न्हाव्यानेच केलं होतं, मासेवालीचं मासेवालीने. गुंड म्हणून जवळच्या व्यायामशाळेतली मुलं, ती स्वभावाने इतकी गरीब की दर मारामारीनंतर समोरच्याला सॉरी म्हणायची आणि ते कापून काढावं लागायचं. चार वर्षं, फक्त रविवारी, हे शूटिंग चाललं होतं. आता तो बुकित बातोकच्या बेडरूममध्ये बसून ते सगळं जोडत होता.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचा तीनचा चहा तिकडे होऊ लागला. जाताना डब्यात शंकरपाळी नाहीतर चिवडा न्यायच्या, येताना त्याने भाजलेले चीजच्या पावाचे छोटे गोळे घेऊन यायच्या. दोघांचं इंग्रजी अगदी निराळ्या वाटांनी आलेलं. त्याच्या इंग्रजीत प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक ‘ई’ चिकटलेला असायचा, ह्यांच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्य आज्ञार्थी. पण त्यांचं जमलं. तो त्यांना ‘प्रोफेसोरा’ म्हणू लागला. त्यांनी लगेच दुरुस्ती केली, मी प्रोफेसर नाही, हायस्कूलला होते. त्यावर तो म्हणाला की आमच्या भाषेत बालवाडीच्या बाईंनाही प्रोफेसोराच म्हणतात. हे त्यांना फार पटलं. त्या रात्री जेवताना त्यांनी ते आम्हाला दोनदा सांगितलं.

जेवणाच्या टेबलावर आता रोज सिनेमाचा एकेक तुकडा वाढला जायचा. आज न्हाव्याने दुकानातले आरसे फुटू नयेत म्हणून आत नेऊन ठेवले. आज बसच्या ड्रायव्हरने गल्लीच्या तोंडाशी बस आडवी घातली आणि किल्ली गटारात टाकली. माझा नवरा एरवी जेवताना फोनकडे बघतो. तो एक दिवस घास हातात धरून म्हणाला, “मग पुढे?” माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, मी त्याला असा प्रश्न विचारायला लावू शकलेली नाही. मुलीला फक्त गुंडांत रस होता. ती आजीला विचारायची, बॅड गाय मेला का, आणि नाही म्हटलं की इथल्या इंग्रजीत म्हणायची, “लाइक दॅट कॅनॉट लाह, आजी,” म्हणजे असं नाही चालायचं.

हळूहळू सासूबाई सूचना करू लागल्या. त्यांचा मुख्य आक्षेप पडण्याला होता. गुद्दा बसायच्या आधीच गुंड पडायला सुरुवात करतो, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षं मुली मैदानावर पडताना बघितल्यात, माणूस पडतो तेव्हा आधी त्याचे हात पुढे येतात, चेहऱ्यावर आश्चर्य येतं, राग नंतर. दिग्दर्शकाने हे वहीत लिहून घेतलं. एक अख्खी मारामारी त्याने त्यावरून पुन्हा जोडली, आणि किंचाळणाऱ्या बाईची किंकाळी त्यांच्या सांगण्यावरून निम्मी केली. मजल्यावरच्या सगळ्यांना त्याचा फायदा झाला.

मग एके दिवशी संध्याकाळी तो आणि त्याची बायको आमच्या दारात आले. तो इस्त्रीचा शर्ट घालून, ती कामावरून आल्यावर केस विंचरून, हातात केकचा डबा. दोघं सोफ्याच्या कडेला टेकून बसली. मला वाटलं घर सोडून चालली असतील. त्याने घसा साफ केला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला की मी तुमच्या आईंचा हात मागायला आलो आहे. मग स्वतःच गोंधळून म्हणाला, दोन्ही हात. बायकोने डोक्याला हात लावला आणि नीट सांगायला घेतलं.

सिनेमातली शेवटची मारामारी गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात होती. दोन गुंड मागच्या दाराने शिरतात आणि म्हातारी एकटी त्यांना लोळवते. ज्या आजींनी ते काम केलं त्यांचं दुरून घेतलेलं सगळं होतं, पण जवळून हात घ्यायचे राहिले होते. त्यानंतर त्या आजी लेकीकडे आतल्या गावात राहायला गेल्या आणि त्यांचे गुडघेही आता उभं राहू देईनात. हातांशिवाय ती मारामारी म्हणजे कोण काय करतंय काही कळत नव्हतं. आणि महिनाभर तो रोज शंकरपाळीचा डबा उघडणारे, पडद्याकडे बोट दाखवणारे सासूबाईंचे हात बघत होता. तसेच सावळे, तशाच शिरा, बोटांची पेरं तशीच जाड.

मी सावधपणे म्हटलं की त्यांना विचारायला हवं. स्वयंपाकघरातून आवाज आला, “हो म्हणून सांग.”

त्या हो म्हणाल्या खऱ्या, पण कायदेशीर व्हायला हवं ही त्यांची अट. घरातलं शूटिंग आमच्याच घरात होणार होतं, पण गुंडांचे पाय कॉरिडॉरमधून धावत येताना हवे होते आणि कॉरिडॉर सगळ्यांचा. तेव्हा इमारतींचा कारभार बघणाऱ्या इस्टेटच्या ऑफिसला रीतसर अर्ज गेला. आठवड्याने परवानगी आली: शनिवार, सकाळी नऊ ते बारा, वाट अडवायची नाही, मोठा आवाज करायचा नाही, पाणी सांडायचं नाही, शेजाऱ्यांना आधी कळवायचं. दिग्दर्शकाने तो कागद आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या गल्लीने चार वर्षं पोलिसांना चुकवून शूटिंग केलं, आणि आता क्रांती शनिवारी नऊ ते बारा, हळू आवाजात, असं म्हणून तो बराच वेळ हसत होता. सासूबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी माझ्या मुलीकडून चांगल्या अक्षरात सूचना लिहून घेतली आणि लिफ्टपाशी लावली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या मलाय मावशी येऊन विचारून गेल्या की बघायला आलं तर चालेल का.

कपड्यांचा प्रश्न मला मोठा वाटत होता. सासूबाई बाहेर जाताना साडी नेसतात, आणि सिनेमातल्या आजी फुलाफुलांच्या झग्यात. पण त्या आजींचा फोटो बघितला आणि प्रश्नच मिटला. तो आपला गाऊन होता. तोच सुती, ढगळ, पुढे दोन खिसे असलेला, गुलाबी फुलांचा, सांगलीच्या बाजारात कुठल्याही दुकानाबाहेर टांगलेला असतो तो. सासूबाईंकडे तसे सहा होते. त्यातला एक इतका जुळला की दिग्दर्शकाच्या बायकोने तो उलटसुलट करून बघितला.

पाटल्या मात्र निघेनात. पंचवीस-तीस वर्षं त्या हातात होत्या, मनगट त्यांच्याभोवती वाढलं होतं. साबण झाला, खोबरेल तेल झालं, प्लास्टिकची पिशवी घालून ओढून झालं. आजींच्या हातात तर काहीच नव्हतं. शेवटी त्याने दोन्ही मनगटांवर फडकं गुंडाळायचं ठरवलं, भाजल्यावर गुंडाळतात तसं. आता आधीच्या प्रसंगांत म्हातारीचे हात भाजल्याचं कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्याने ब्राझीलला न्हाव्याला निरोप पाठवला आणि न्हाव्याने फोनवर ते एक वाक्य म्हणून पाठवलं: आजीने आज पुन्हा हात भाजून घेतला. ते सिनेमात आहे. त्याचं कारण एवढंच.

शनिवारी सकाळी आणखी एक अडचण आली. गुंड म्हणून यायचा होता तो दिग्दर्शकाचा ओळखीचा माणूस, त्याला ताप भरला. बूट तेवढे आले होते. काळे, जड, दहा नंबरचे. सगळ्यांनी एकदम माझ्या नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. नवरा म्हणाला, मला अकरा वाजता कॉल आहे.

“अकराच्या आत पाडते तुला,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात मला जरा जास्तच उत्साह वाटला.

पहिला खटका कुकरवरून उडाला. सिनेमात म्हातारी गॅसवरच्या कुकरचं झाकण खटकन उघडते आणि वाफ गुंडाच्या तोंडावर येते, असं ठरलेलं होतं. ब्राझीलमध्येही घरोघरी कुकरमध्ये घेवड्यासारखे काळे दाणे शिजवतात, तेव्हा कुकर असणं बरोबरच होतं. पण सासूबाई अडून बसल्या. आत प्रेशर असताना झाकण निघत नाही, आणि ओढून काढलंच तर आधी बाई भाजेल, गुंड नंतर. दिग्दर्शक म्हणाला की सिनेमात चालतं. त्यांनी विचारलं, हा सिनेमा तुमच्या गल्लीतल्या बायका बघणार ना? तो हो म्हणाला. मग त्या हसतील, सासूबाई म्हणाल्या. त्याने ओट्याला टेकून कुकरकडे बघितलं. मला वाटतं त्याच्या डोळ्यांपुढे त्याची मासेवाली आली असावी. त्याने विचारलं की मग प्रोफेसोरा काय करतील?

प्रोफेसोरांनी आधीच ठरवलेलं होतं. त्यांनी राजम्याचा मोठा डबा काढला आणि म्हणाल्या की दारातून धावत येणाऱ्या माणसाचं सगळं वजन पुढच्या पायावर असतं. त्या पायाखाली कोरडा राजमा टाकला की पुढचं तो स्वतःच करेल.

मग ते तसं झालं. कॅमेरा फरशीलगत. नवरा कॉरिडॉरमधून दाणदाण, म्हणजे परवानगीत बसेल इतकं दाणदाण, धावत यायचा. सासूबाईंचे फडकं गुंडाळलेले हात डबा तिरका करायचे. राजमा सुपातून पडल्यासारखा पसरायचा. त्याच्यापुढे, कॅमेऱ्यात न दिसेल असं, आमची गादी टाकलेली. पहिल्या दोन वेळी नवरा सांभाळून, बँकेत शोभेल असा पडला. सासूबाईंनी मान हलवली. तिसऱ्या वेळी त्याचा पाय खरोखरच घसरला. हात पुढे आले, चेहऱ्यावर आश्चर्य आलं आणि तो गादीच्या पलीकडे जाऊन फ्रिजवर आदळला. दिग्दर्शकाने मूठ हवेत उडवली. कॉरिडॉरमध्ये मलाय मावशींनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच आवाजाची अट आठवून थांबल्या. सासूबाईंनी मुलाला उठवलं, कोपर तपासलं आणि आधी म्हणाल्या, “छान पडलास.” मग लागलं का, ते विचारलं. राजम्याचे दाणे आम्हाला पुढे वर्षभर सापडत होते, एक तर माझ्या ऑफिसच्या बॅगेत.

सव्वाअकरा झाले होते. नवऱ्याने कॉल पुढे ढकलला होता, गुंडाच्या बुटातच. एक शेवटचा तुकडा उरला होता. दोन्ही गुंड पडल्यावर म्हातारीचे हात सुरी उचलतात आणि टेबलावर ठेवतात, पातं दाराकडे करून. पुन्हा याल तर बघा, असा अर्थ. दिग्दर्शकाने सुरी पुढे केली. सासूबाईंनी ती घेतली, बघितली आणि ओट्यावर परत ठेवली. हे मी करणार नाही, म्हणाल्या, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

मला वाटलं दमल्या असतील. दिग्दर्शक घड्याळाकडे बघत होता. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, तेव्हा त्या मराठीत, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. मी जमेल तसं त्याला इंग्रजीत सांगत गेले.

नवरा आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्यांच्या शाळेचं मैदान एका माणसाला मंगल कार्यालयासाठी हवं होतं. कागदावर ते अर्धं त्याच्या नावावर झालंही होतं, कसं ते कुणाला कळलं नाही. एका सकाळी तारा आणि खांब घेऊन माणसं आली. मुख्याध्यापिका रडायला लागल्या. सासूबाईंनी नववीच्या मुलींना लेझीम खाली ठेवायला सांगितलं आणि मैदानाच्या फाटकात ओळीने बसवलं. नऊ दिवस त्या तिथे बसल्या. घोषणा नाहीत, काही नाही. तास आपापल्या वेळेला, पण फाटकात बसून. तिसऱ्या दिवशी मुलींच्या आया येऊन बसल्या, भाजी निवडायला घेऊन. पहिल्या दिवशी एका दांडगट मुलीने खांब रोवणाऱ्याला दगड मारला होता. दुसऱ्या दिवशी तिकडून दुप्पट माणसं आली, काठ्या घेऊन.

“मारलं की त्यांना काय करायचं ते माहीत असतं,” सासूबाई म्हणाल्या. “ते आणखी माणसं आणतात. आम्ही नुसत्या बसलो, तेव्हा त्यांना काही सुचेना.”

मैदान वाचलं का, असं दिग्दर्शकाने विचारलं. त्या म्हणाल्या, अर्धं. अर्ध्यावर कार्यालय झालं, अर्ध्यावर अजून खो-खो होतो. आपल्याला त्या वर्षी बढती मिळाली नाही, हेही त्यांनी सांगितलं, हवामानाबद्दल सांगावं तसं.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने यातलं काही कधी ऐकलं नव्हतं. त्याला एवढंच आठवत होतं की एकदा आठ-दहा दिवस तो शाळेतून परस्पर आत्याकडे जेवायला जायचा, आणि आईचा चेहरा उन्हाने रापला होता. त्याने विचारलं, ते तेव्हाचं का? त्या हो म्हणाल्या. मग तू सांगितलं का नाहीस, त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, तू विचारलं नाहीस, आणि तुझी तेव्हा परीक्षा होती.

दिग्दर्शक खाली फरशीवर बसला होता. बारा वाजायला वीस मिनिटं होती. त्याने हळूच विचारलं, “तुम्ही कशा बसला होता, ते मला दाखवाल?”

सासूबाई उठल्या. त्यांनी बाथरूमजवळचं प्लास्टिकचं ठेंगणं स्टूल उचललं, आमच्या उघड्या दाराच्या उंबऱ्याशी ठेवलं आणि कॉरिडॉरकडे तोंड करून बसल्या. पाठ सरळ, गाऊनवर दोन्ही हात, फडकं अजून गुंडाळलेलं. काही केलं नाही. कॅमेरा पाठीमागून चालू होता. मिनिटभर गेलं असेल. तेवढ्यात मलाय मावशी आपल्या घरात गेल्या, त्यांचं स्टूल घेऊन आल्या आणि सासूबाईंच्या शेजारी बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मी जे इंग्रजीत सांगत होते ते त्यांनी गेटमधून ऐकलं होतं. मग दिग्दर्शकाची बायको गेली आणि खालीच मांडी घालून बसली. मग माझी मुलगी. मी भिंतीला टेकून उभी होते, मला कळेना आपण सिनेमात जावं की बाहेर राहावं. सासूबाईंनी मागे न वळता हाताने खूण केली, पीटीच्या तासाला उशिरा आलेल्या मुलीला करतात तशी. मी जाऊन बसले. वाट न अडवता, कडेने.

बाराला पाच कमी असताना आम्ही उठलो. कॉरिडॉर झाडून घेतला.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी सिनेमा पुरा झाला आणि शहरातल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, पन्नास-साठ खुर्च्यांच्या खोलीत तो दाखवला गेला. आमच्या मजल्यावरचे बरेच जण एमआरटीच्या ट्रेनने मिळून गेलो. सासूबाई त्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीला आलेल्या होत्या, इरकल नेसून. बाकीचे प्रेक्षक तरुण, काळ्या टी-शर्टातले. गल्ली मी ऐकूनच ओळखत होते, आता बघितली. न्हाव्याने आजींच्या भाजलेल्या हाताबद्दल सांगितलं तेव्हा आमची रांग उगाचच हसली आणि पुढच्या लोकांनी वळून बघितलं.

मग हात आले. अख्ख्या पडद्याएवढे. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. राजमा पसरला, बूट आले, नवरा पडला. सगळा हॉल हसला. नवरा माझ्या दुसऱ्या बाजूला खुर्चीत खाली सरकला. आणि हाणामारीचा सगळा आवाज संपल्यावर ती पाठ आली, आमचा कॉरिडॉर, आमचं दार. त्याने मागून समुद्राचा आवाज घातला होता, त्यामुळे ती गल्लीच वाटत होती. एकेक बाई येऊन बसत गेली. माझी मुलगी, मग मी, कडेला. सुरी कुठेच नव्हती. सिनेमात शेवटी गल्लीतली पुढची तीन घरं जातात, बाकीची राहतात. खोलीत दिवे लागल्यावरही काही लोक तसेच बसून होते.

नावं आली तेव्हा सासूबाईंचं नाव एका पोर्तुगीज शब्दापुढे होतं. याचा अर्थ काय, असं त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, हात. त्यांनी मान डोलावली. नवऱ्याच्या नावापुढे ‘दुसऱ्या गुंडाचे पाय’ असं आहे हे कळल्यावर पहिल्या गुंडाचे पाय कुणाचे, एवढंच त्याने विचारलं. तेही त्याचेच होते.

पुढच्या वर्षी दिग्दर्शकाच्या बायकोचं काम संपलं आणि ती दोघं दुसऱ्या देशातल्या बंदराला गेली. जाताना त्याने सासूबाईंना सिनेमा पेन ड्राइव्हवर भरून दिला. त्या तो घेऊन सांगलीला गेल्या आणि त्यांच्या निवृत्त शिक्षिकांच्या मंडळाला घरी बोलावून टीव्हीवर दाखवला. खाली इंग्रजीत येणाऱ्या ओळी कुणाला वाचायला जमेनात, म्हणून त्या स्वतः टीव्हीच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि दीड तास मराठीत सांगत गेल्या. त्या बैठकीला माझी जाऊ हजर होती. तिने मला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, काय सुंदर सिनेमा आहे गं, शेवटी तो बिल्डर येऊन माफी मागतो आणि तीन घरं परत बांधून देतो, तेव्हा सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना विचारलं की आई, सिनेमाचा शेवट बदललात का?

“मी काही बदललं नाही,” त्या म्हणाल्या. “सिनेमा संपल्यावर पुढचं सांगितलं, इतकंच.”

मग त्यांनी विचारलं की तिकडे राजमा मिळतो ना, की इकडून पाठवू.